बाहेरच्या खोलीतला पलंग

१२ फेब्रुवारी

चौकशीचे साहेब आले, बसले, चहा घेतला आणि गेले. सुटलो एकदाचे.

मला वाटलं होतं कुणी पोक्त माणूस येईल. आला तो माझ्या लेकापेक्षाही लहान. बूट मात्र दाराशी काढले, ते मला आवडलं. आमचं लग्न खरं आहे की मला या देशात राहता यावं म्हणून नुसतं कागदावर केलंय, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याच्या शेऱ्यावर माझा इथे राहण्याचा अर्ज पुढे सरकणार. त्याची भाषा मला मोडकीतोडकी येते. खुर्चीवाल्यांना ती चांगली येते, पण ते कुठल्याच भाषेत बोलत नाहीत.

खुर्चीवाले म्हणजे माझे यजमान. इतर बायका नवऱ्याला 'हे' म्हणतात तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो शब्द पहिल्या यजमानांसाठी वापरून झाला, आणि ते जाऊनही बरीच वर्षं झाली. शाळेच्या प्रयोगशाळेतली नोकरी संपली तशी मी इथे ताईकडे राहायला आले. तिच्या आरामखुर्चीची बैठक बसली होती, ती दुरुस्त करायला एक विधुर गृहस्थ आले. ओठांत बारीक खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळे हूं नाही की चूं नाही. काम संपल्यावर खिळे काढून म्हणाले, "बसून बघा." एवढ्यावर पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. लेकाने अजून त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

सकाळपासून घर आवरत होते. आवरलं म्हणजे काय, तर आतल्या खोलीतल्या आमच्या मोठ्या पलंगावरची त्यांची उशी उचलली. खालच्या त्यांच्या खुर्च्यांच्या कारखान्यातून घडीचा पलंग वर आणवला आणि बाहेरच्या खोलीत मांडून त्यावर त्यांची उशी, त्यांचं पांघरूण, खाली त्यांच्या चपला, असं सगळं नीट लावलं. त्यांचे शर्ट माझ्या कपाटातून काढून खाली टांगले. लग्नाच्या फोटोत ताईने त्यांना माझ्या खांद्यावर हात ठेवायला लावला होता, तो फोटो खणात पालथा घातला. या वयात परक्या पोराला हे काय दाखवायचं? खुर्चीवाल्यांनी पलंग मांडला, हलतो का ते बघितलं आणि एका शब्दाने काही विचारलं नाही.

साहेबाने दोन्ही खोल्या बघितल्या. कुठे झोपता, म्हणाला. मी बोटाने दाखवलं, मी आत, ते बाहेर. त्याने खुर्चीवाल्यांकडे बघितलं, त्यांनी मान डोलावली. त्याने पुन्हा तेच विचारलं, आम्ही पुन्हा तेच सांगितलं. मग त्याने बरंच काही लिहून घेतलं. घर लखलखत होतं आणि चहा छान झाला होता. छाप चांगली पडली असणार.

१३ फेब्रुवारी

ताई विचारायला आली. मी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता खालीच बसली.

"अगं बाई, ते तुमचं लग्न खरं आहे का बघायला आले होते! तुझी अब्रू तपासायला नव्हते आले!"

"मग काय पलंग दाखवायचा त्यांना?"

"हो! पलंगच दाखवायचा होता!"

इतक्या मोठ्याने ओरडली की खालची हातोडी थांबली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

२१ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे जाऊन आलो. शेरा पडलाच आहे: पतीपत्नी वेगळे राहत असल्याचं दिसतं. आता शेवटची मुलाखत होईल आणि त्यात हे उकरून काढतील.

मायदेशी सुनेच्या बाळंतपणाला जाऊन परत येता यावं म्हणून प्रवासाची परवानगी मागितली होती, ती नेमकी आज मंजूर होऊन आली. मी हरखले, तर बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "हा कागद तुम्हाला परत दारापर्यंत आणतो. दार उघडायचं की नाही ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. हा शेरा त्याच्या समोर असेल. त्याने नाही म्हटलं, किंवा तुम्ही मुदतीत परतला नाहीत, तर अर्ज संपला. मग कित्येक वर्षं येणं नाही. माझं ऐकाल तर जाऊ नका."

कित्येक वर्षं. खुर्चीवाले सत्तरीला टेकलेत. जिना चढताना मधे थांबतात आणि कठडा तपासत असल्याचं सोंग करतात.

२७ फेब्रुवारी

लेकाचा फोन. सुनेचा रक्तदाब फार वाढलाय, दवाखान्यात ठेवलंय, बाळाला वेळेआधीच काढावं लागेल म्हणतात. तिला आई नाही. लेक म्हणाला, "आई, ये ना गं." माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'गं' ऐकला.

खुर्चीवाल्यांना सांगितलं. एका सोफ्यावर कापड ताणत होते. खिळे हातात काढून घेतले आणि म्हणाले, "जा. दोन जिवांचा प्रश्न आहे." पुन्हा खिळे ओठांत.

'लवकर या' म्हणायला काय जीभ झिजली असती? की शेऱ्यातलं खरंच आहे? त्यांना घरात वावरणारं एक माणूस हवं होतं आणि मला एक छप्पर. आमच्या वयात प्रेमबिम कोण करतं! साहेबाने सोय ओळखली असेल तर त्याचं तरी काय चुकलं?

२ मार्च

आज निघते आहे. त्यांच्या गोळ्यांच्या बाटल्यांवर सकाळची, दुपारची अशा चिठ्ठ्या चिकटवल्यात. नोकरीत जन्मभर तेच केलं. मफलर दाराच्या खिळ्यालाच टांगलाय, म्हणजे विसरायला नको. दूध, इस्त्री, नळाची तोटी, सगळं सांगून झालं. ते ऐकत होते. ताई म्हणाली, "निघालीस पंधरवड्यासाठी आणि निरोप घेतेस जन्माचा." तिला थट्टा सुचते.

१० मार्च

मुलगी झाली. इवलीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय. सून शुद्धीवर आली आणि तिने आधी माझा हात शोधला. मी या पोरीला कधी नीट जवळ घेतलं नव्हतं. आज घेतलं.

कागद कुठे हरवायला नको म्हणून पासपोर्ट आणि परवानगी लेकाकडे दिली. "नीट ठेव रे." त्याने आपल्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. लहानपणी त्याच्या शाळेचे दाखले मी असेच ठेवायची.

१९ मार्च

बाळ घरी आलं. बघायला येणाऱ्यांची रीघ आहे. लेक सगळ्यांना सांगतो, "आई मावशीकडे राहत होती इतके दिवस." मी मान डोलावते. त्यात खोटं असं काही नाही, काही दिवस राहतच होते. पण सांगून झालं की लेक माझ्याकडे बघत नाही आणि मी त्याच्याकडे बघत नाही.

फोन करायला कपडे वाळत घालायच्या गॅलरीत जाते. कुणाचा फोन, असं कुणी विचारलंच तर ताईचा म्हणून सांगते. आज त्यांना विचारलं, दुपारची गोळी घेतली का. घेतली. मफलर घालता का. घालतो. तिकडे थंडी आहे का. आहे. बोलणं संपलं. मला काही आठवण वगैरे येत नाही. फक्त दुपारची गोळी ते हमखास विसरतात, एवढंच.

२६ मार्च

ताईचा फोन, आज खरोखरच ताईचा. मुलाखतीचं पत्र आलंय, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. पण परवानगीची मुदत बारा एप्रिललाच संपते, त्याआधी तिथे पाऊल टाकायला हवं. लेकाला सांगितलं. "बघतो तिकिटाचं," म्हणाला. बाळाचं वजन अजून वाढत नाही, त्याचंही डोकं ठिकाणावर नसणार. मी फार मागे लागले नाही.

३१ मार्च

तिकिटाचं पुन्हा विचारलं. सध्या विमानं भरलेली आहेत म्हणे.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आपणहून कधी करत नाहीत, म्हणून धावत गॅलरीत गेले. ते आधी खाकरले. मग म्हणाले, "बाळाला तुमची सवय झाली असेल."

"झालीय. माझ्या अंगावरच झोपते."

"तिकडे राहावंसं वाटत असेल तर राहा. मी वकीलबाईंना सांगतो अर्ज मागे घ्यायला. इथलं काही अडत नाही."

मी म्हटलं, "बरं." आणखी काय म्हणणार? अडत नाही, म्हणे! बाळाची दुपटी वाळत होती, ओलीच घडी घातली. म्हणजे साहेबाच्या आधी यांनीच मला ओळखलं होतं, नाही का. एक बाई आली, एक बाई गेली. घसा बसलाय, म्हणून सुनेला सर्दी झाल्याचं सांगितलं.

३ एप्रिल

आज लेकाने मनातलं बोलून दाखवलं. बाळ मांडीवर होतं.

"आई, तू जाऊच नकोस. तिकडे तुझं आहे कोण?"

मी बाळाला थोपटत राहिले.

"त्या माणसाला स्वयंपाकाला कुणीतरी हवं होतं. लोक माझ्या तोंडावर विचारतात, आईला कमी काय केलंस? मी काय उत्तर देऊ त्यांना?"

"तिकिटं खरंच भरलेली आहेत का रे?"

त्याने बाळाचं टोपरं सारखं केलं. ते सरळच होतं.

मला राग यायला हवा होता. पण त्याचे बाबा गेले तेव्हा दहावीत होता, तेव्हाही असाच खाली मान घालून बसायचा, तेच डोळ्यांसमोर आलं. आणि तो म्हणतो ते खोटं कशावरून? हे स्वतःच म्हणाले, अडत नाही. इथे मांडीवर नात आहे. तिकडे हे ओठांत खिळे धरून बसलेले असतील आणि जेवायची वेळ झाली तरी खालीच रमले असतील. हाक मारल्याशिवाय वर यायचं कळत नाही यांना. शेजारीण तरी मारत असेल का हाक?

६ एप्रिल

आज माझ्या हातून काय झालं ते लिहिते.

सुनेची आत्या आणि तिच्या दोन जावा आल्या होत्या. बाहेरची खोली भरलेली, लेक चहा देत होता. आत्या म्हणाली, "बरं झालं, आजी आता इथेच राहणार. परक्या देशात एकटी बाई काय करणार हो?" लेकाने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलवायची होती, रोजच्यासारखी.

मी म्हटलं, "एकटी नाही. नवरा आहे माझा तिकडे."

कुणाचा तरी कप बशीवर वाजला. आत्या हसली, तिला वाटलं मी गंमत करतेय.

"लग्न केलंय मी. दीड वर्ष होईल. खुर्च्या दुरुस्त करतात ते."

पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, "फार चांगल्या करतात."

लेक आत निघून गेला. पाहुण्या चहा न संपवता उठल्या. नवरा काय म्हणाला, ठेवणार आहे की काढणार आहे, मी यातलं काहीच बोलले नव्हते. नवरा आहे एवढंच म्हटलं आणि म्हटल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं. उतरलं म्हणून लगेच भीतीही वाटली. लेक गमावला बहुतेक.

७ एप्रिल

सकाळी सुनेने खोलीत बोलावलं. बाळाला पाजत होती. म्हणाली, "आई, बसा. तुम्ही गॅलरीत जाऊन बोलता तेव्हा मला इथे खिडकीतून सगळं ऐकू येतं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुम्ही रोज फक्त गोळ्यांचं विचारता. आणि फोन ठेवून तिथेच उभ्या राहता." तिने आपला फोन पुढे केला. "दहा तारखेची जागा आहे. नवव्या रांगेत, खिडकीची. भरलेलं विमान नाहीये आई, कधीच नव्हतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"आणि बाळ?"

"बाळ माझं आहे. मी बघीन."

कपाटाची किल्ली तिने नवऱ्याकडे मागितली. माझ्यासमोर, सरळ. त्याने दिली.

१० एप्रिल

लेकाने विमानतळावर सोडलं. बॅग उतरवून दिली आणि एकदम म्हणाला, "परत पाठवलं तर कळव. घ्यायला येईन." हे चिडून म्हणाला की कशाने, कळलं नाही. मी त्याच्या गालावर हात ठेवला, त्याने ठेवू दिला.

नात टाकून आले. दुपट्याचा वास अजून पदराला आहे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत पुन्हा निघता येणार नाही, तोवर ती चालायला लागलेली असेल. आणि तिकडे कुणी मला बोलावलेलंही नाही. ताईला विमान सांगितलंय. त्यांना सांगू नकोस म्हटलं होतं, पण ताईच ती.

१२ एप्रिल

घरी. काल जे झालं ते आज लिहिते.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने कागद बघितला, पडद्यावर काहीतरी वाचलं आणि मला एका बिनखिडकीच्या खोलीत नेऊन बसवलं. टेबल, दोन खुर्च्या. माझ्या खुर्चीची बैठक एका बाजूने फाटली होती आणि स्पंज दिसत होता. एक अधिकारी बाई आल्या. दुभाषी म्हणून टेबलावरच्या फोनवर एक मुलगी, आवाजावरून सुनेच्या वयाची. "काकू, घाबरू नका, मी सांगते तसं त्यांना," म्हणाली.

बाईंनी शेरा वाचून दाखवला. मग विचारलं, "तुम्ही पतीपत्नी म्हणून एकत्र राहता का?"

खोटं बोलून इथवर आले होते, आता आणखी लपवायला काही उरलं नव्हतं. पण त्या मुलीला सांगायचं कसं? मी टेबलाकडे बघून सांगितलं. घडीचा पलंग मीच वर आणवला. उशी मीच हलवली. पाहुणा येणार म्हणून. एरवी आम्ही एकाच पलंगावर झोपतो, लग्न झाल्यापासून. कान तापले होते माझे. मुलीने ते भरभर त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"तुमचे यजमान बाहेर थांबलेत. आम्ही त्यांनाही विचारू. तुम्ही मधे बोलायचं नाही."

बाहेर थांबलेत! मला ते माहीतही नव्हतं.

फोन लागला. नाव, पत्ता विचारून झालं. मग, "तुमची पत्नी कुठे झोपते?"

ते थांबले. मला त्यांचं थांबणं ओळखता येतं.

"आतल्या खोलीत," म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"बाहेरच्या. घडीच्या पलंगावर."

मी घालून दिलेलं खोटं हा माणूस अजून धरून बसला होता. माझी लाज राखायला! बाईंनी माझ्याकडे बघत पेन उचललं आणि मी बोलू नये ते बोलले.

"अहो, खरं सांगा! मी सगळं सांगितलंय त्यांना!"

बाईंनी हात वर केला. पलीकडून त्यांचा आवाज आला.

"तुम्ही तिथेच आहात?"

"हो."

"सगळ्यांसमोर सांगू?"

"सगळ्यांसमोर सांगा."

त्यांना इथली भाषा येते. तरी ते आमच्या भाषेत बोलले, आणि मला वाटतं त्या बाईंशी बोललेच नाहीत.

"ही भिंतीकडे झोपते, मी दाराकडे. हिचे पाय गार पडतात, ते माझ्या पोटऱ्यांना लावते. मला हुडहुडी भरते, पण मी सांगत नाही, नाहीतर काढून घेईल. ही गेल्यापासून मी भिंतीकडे झोपतोय, म्हणजे ती जागा रिकामी दिसत नाही. राहा म्हटलं मी हिला तिकडे. नातीपेक्षा मी मोठा नाही. पण म्हटल्यापासून जेवण जात नाही."

फोनवरची मुलगी म्हणाली, "एक मिनिट हं, काकू." तिने नाक पुसल्याचा आवाज आला. मग तिने ते सगळं सांगितलं, एकेक वाक्य करून.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पासपोर्ट ओढला आणि शिक्का मारला. म्हणाल्या, मुलाखत व्हायचीच आहे, तिथला निर्णय माझ्या हातात नाही. मी खूप आभार मानले, कुठल्या भाषेत ते आठवत नाही.

बाहेर ते कठड्यापाशी उभे होते, जमिनीकडे बघत. मीही जमिनीकडेच बघितलं. लाज म्हणजे किती ती! ते वाळले आहेत. शर्टाची गुंडी खालीवर लावली होती.

"दमला असाल. बसता का जरा?" म्हणाले.

"नको. घरी चला."

त्यांनी एका हातात बॅग घेतली. दुसरा हात मी धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही. स्टॉपवर बरीच माणसं होती.